मरुतला खोटं इंजिन लावायचं का?

डहाणूहून बोलतोय. आजचा भाग गेमिंगवाल्यांसाठी आहे, पण ज्यांनी आयुष्यात जॉयस्टिक धरली नाही त्यांनीही ऐका. भांडण विमानाचं असलं तरी प्रश्न खरेपणाचा आहे.

आम्ही चौघं मित्र आहोत. तिघं डहाणूचे, एक तलासरीचा. गेलं वर्षभर आम्ही कॉम्प्युटरवर एक विमान बांधतोय, एचएफ-२४ मरुत. फ्लाइटगिअर नावाचा एक मोफत सिम्युलेटर आहे. त्यात शस्त्रं बसवून हवाई लढाया खेळणारी मंडळीही आहेत. तिथे उडवायला आम्हाला आपलं मरुत हवं होतं.

मरुत म्हणजे भारतात विकसित झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. बंगळूरच्या एचएएलमध्ये जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली त्याचा आराखडा झाला. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. सगळी मिळून १४७ मरुत बनली. मुख्य काम जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला. नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा, पोटात ६८ मिलिमीटरची ५० रॉकेट्स, पंखांखाली बॉम्ब. प्रत्येक तोफेला १२० गोळे. ऐकायला भरपूर वाटतात ना? बटण दाबून धरलं तर पाच-सहा सेकंदांत खेळ खलास!

आता विमान सिम्युलेटरमध्ये घालायचं म्हणजे काय करायचं? आधी आकार. तो ब्लेंडरमध्ये बनतो, तेही मोफत. त्यासाठी आम्ही डहाणू लोकल पकडून मुंबईला गेलो. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात खरं मरुत उभं आहे. ड्रॉइंगवर न कळणाऱ्या गोष्टी तिथे कळतात. मध्येच कमरेसारखं बारीक झालेलं अंग, पंखांचा मागे झुकलेला कोन, चाकांची उंची. मोबाइल भरेपर्यंत फोटो काढले.

आकार म्हणजे नुसता सांगाडा. विमान उडतं ते फ्लाइट मॉडेलवर. फ्लाइटगिअरमध्ये त्यासाठी जेएसबीसिम वापरता येतं. वजन, पंखाचं क्षेत्रफळ, इंजिनाचा जोर, सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं. आमचं भांडण पेटलं ते याच इंजिनाच्या फाइलवरून.

मरुतचा आराखडा होता आवाजाच्या दुप्पट वेगासाठी. पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनावर तो बेतला होता, त्याच्या विकासाचा खर्च उचलायला कोणी पुढे आलं नाही. मग आफ्टरबर्नर नसलेली दोन ऑर्फियस ७०३ इंजिनं बसली. प्रत्येकाचा जोर सुमारे २,२०० किलो. पूर्ण लादलेलं विमान जवळजवळ १०,९०० किलोचं. म्हणजे एका किलोला ढकलायला साधारण ४०० ग्रॅमचा जोर. परिणाम असा की ते जेमतेम आवाजाच्या वेगाला टेकायचं. ताकद वाढवायचे प्रयत्न झाले. त्यातल्याच एका सुधारित मरुतच्या अपघातात १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास गेले.

आमच्या इंजिन फाइलमध्ये 'ऑगमेंटेड' नावाची एक ओळ आहे. तिथे ० लिहिलं तर आफ्टरबर्नर नाही, १ लिहिलं तर आहे. एक मित्र म्हणाला, "१ कर ना यार! आपलं विमान आहे, जगासमोर रडत रडत चढणार का?" त्याचं मन मला समजतं. ऑनलाइन गेलं की समोरचा मिग घेऊन वर निघून जातो आणि आपण खाली घिसाडत बसतो.

पण १९७१ आठवा. १० आणि २२० स्क्वाड्रनची मरुतं राजस्थान सीमेवर लढली ती याच इंजिनांवर. त्या लढाईत एक इंजिन बंद पडूनही मरुतं तळावर परतल्याच्या नोंदी आहेत. दोन इंजिनं असण्याचा तो फायदा. हायड्रॉलिक्स गेलं तर कंट्रोल हाताने ओढून चालवायची सोयही होती. आपण खोटा आफ्टरबर्नर लावला तर खेळणाऱ्याला ही माणसं कळणारच नाहीत. ताकद कमी म्हणून वेग आधीच साठवायचा, वळताना तो उधळायचा नाही, जमिनीलगत राहायचं. वैमानिकाचं कसब इथेच दिसतं. त्यांचा मान राखायचा तर ते जे उडवत होते तेच विमान द्यायला हवं.

चाचणी आम्ही आपल्याच भागावर घेतो, कारण खुणा पाठ आहेत. डहाणूचा किनारा, चिकूच्या वाड्या, महालक्ष्मीचा डोंगर, हायवे. डहाणू ते तलासरी हवाई अंतर साधारण २२ किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने दीड मिनिटात संपतं. एकदा तलासरीचा मित्र तोफेच्या निशाण्यातून खाली बघत होता आणि एकदम म्हणाला, "अरे, हा तर आमचा पाडा." कोणी काही बोललं नाही. तेव्हापासून नियम केला: शस्त्रांची चाचणी फक्त समुद्रावर. जमिनीवर हल्ला करणारं विमान म्हटलं की खाली कोणीतरी राहत असतं, हे त्या दीड मिनिटात कळलं.

तर शेवटी फाइलमध्ये ० ठेवलाय. चिडलेल्या मित्रासाठी तोडगाही काढला. 'कल्पनेतलं मरुत' म्हणून वेगळी आवृत्ती करायची, नावातच स्पष्ट लिहून. स्वप्न बघायला आमची ना नाही. फक्त त्यावर इतिहासाचं लेबल लावायचं नाही.

आता तुमच्याकडून एक मदत हवीय. घरात किंवा ओळखीत कुणी आजोबा हवाई दलात असतील, बंगळूरच्या कारखान्यात असतील, तर त्यांच्याशेजारी बसा. विचारा, इंजिन सुरू होताना आवाज कसा यायचा? कॉकपिटमध्ये गरम व्हायचं का? कुठली गोष्ट सारखी बिघडायची? त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. विमानं म्युझियममध्ये उभी राहतील, पण ही उत्तरं फार दिवस थांबणार नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर वेग सांभाळा!