कळते, पण वळत का नाही?



आपल्यापैकी काहींची मुले-मुली उद्या डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्ट होतील. म्हणून एक प्रश्न आपणापुढे ठेवतो. योग्य काय ते ठाऊक असूनही शिकलेला माणूस तसे का वागत नाही?

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण २ च्या आसपास आले. तरीही अनेक डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही.

पुढे जंतुशास्त्राने हे सर्वमान्य केले. पण १९९४ मध्ये जिनिव्हाच्या रुग्णालयात पाहणी झाली, तेव्हा शंभरपैकी ४८ वेळाच हात स्वच्छ केले जात होते! डॉ. पिते यांच्या पथकाने खाटेजवळ अल्कोहोलच्या द्रावणाच्या बाटल्या ठेवल्या, भित्तिपत्रके लावली, पाहणीचे आकडे कर्मचाऱ्यांना कळवले. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ वर गेले. सुधारणा झाली ती मुख्यतः परिचारिकांत. डॉक्टर मागेच राहिले.

असे का, याचा अभ्यास आरोग्य-मानसशास्त्र करते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्रा. सुसान मिची यांनी दोन सहकाऱ्यांसह २०११ मध्ये त्याची मांडणी केली. वागणूक तीन गोष्टींवर उभी असते : क्षमता, संधी आणि प्रेरणा. नर्सला हात धुण्याचे ज्ञान आहे, पण नळ दूर आहे, तर व्याख्यान देऊन काय उपयोग? तिथे नळच जवळ आणला पाहिजे. आधी नेमके काय अडते ते शोधा, मग उपाय करा, हे त्याचे सार.

इंग्लंडमध्ये २०१४ साली अँटिबायोटिक औषधे फार लिहून देणाऱ्या दवाखान्यांपैकी काहींना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र गेले : तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी देतात. पत्र न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे प्रमाण सहा महिन्यांत ३.३ टक्क्यांनी कमी भरले. रुग्णांसाठी लावलेल्या पत्रकांचा मात्र विशेष परिणाम दिसला नाही.

पालकहो, मुलाला साधी सर्दी झाली की "डॉक्टरसाहेब, जोरदार औषध द्या" असा आग्रह आपणही धरतो. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि विनाकारण घेतल्याने जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात. डॉक्टरांच्या वागणुकीत आपलाही वाटा आहे, हे ध्यानात घ्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पदवी मिळाली म्हणजे सवय लागली असे नाही. ज्ञान मिळवाच, पण ते रोज आचरणात उतरेल अशी व्यवस्था स्वतःभोवती उभी करा. रोग्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.