लीडचा आकडा आणि गावाची भीती

मतदारांवरच्या दहशतीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मतदानाचा दिवस उभा राहतो. आपण गंगाखेडकरांनी त्यासाठी लांब पाहायची गरज नाही. 20 नोव्हेंबर 2024 रोजी, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, शेजारच्या परळी मतदारसंघात घाटनांदूरला मतदान यंत्रांची तोडफोड झाली. मतदारांना केंद्रापर्यंत पोचू दिले नाही, बोटाला शाई लावून बटण दुसऱ्यानेच दाबले, असे आरोपही त्या निवडणुकीनंतर झाले. अशा प्रकारांसाठी कायदा आहे आणि तो कडक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदान केंद्र बळकावण्याला किमान एक वर्षाची कैद आहे. केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे, शस्त्र घेऊन फिरायला बंदी आहे. या तरतुदींची अंमलबजावणी ढिली असेल तर ती कडक करा, हे मागितलेच पाहिजे. पण आज मला बोलायचे आहे ते मतदानानंतर सुरू होणाऱ्या भीतीबद्दल. तिला तोडफोड लागत नाही, लाठी लागत नाही, आणि ती कोणत्याही कॅमेऱ्यात सापडत नाही. या भीतीचे साधन आपल्या मतमोजणीच्या पद्धतीतच आहे.

मोजणीच्या टेबलापाशी काय घडते ते बघा. विधानसभा मतदारसंघाच्या मोजणीला एका फेरीत साधारण 14 टेबले असतात. एकेका टेबलावर एकेका मतदान केंद्राचे यंत्र येते. सील तपासले जाते, निकालाचे बटण दाबले जाते आणि पडद्यावर उमेदवारनिहाय मते एकामागून एक दिसू लागतात. जाळीपलीकडचा प्रतिनिधी ती कागदावर उतरवून घेतो. केंद्र म्हणजे कोण, हे त्याला तोंडपाठ असते: अमुक गावाची जिल्हा परिषद शाळा, खोली क्रमांक दोन, म्हणजे तांडा आणि दोन गल्ल्या. शेवटची फेरी संपण्याआधी गावात निरोप गेलेला असतो, ‘आपला बूथ मायनसमध्ये गेला.’ पुढे हेच आकडे नमुना 20 मध्ये केंद्रनिहाय छापून सर्वांसाठी खुले होतात. म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 94 प्रमाणे ‘तू कुणाला मत दिलेस’ हे न्यायालयही ज्या मतदाराला विचारू शकत नाही, त्याच्या अख्ख्या वस्तीचे उत्तर टेबलावरून मिळते. एकट्याचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. आणि आपल्याकडे गावात माणूस ओळखला जातो तो वस्तीवरूनच.

‘मायनस’ गावाचे पुढे काय होते, हे पुढारी स्वतःच भाषणांतून सांगतात. 2019 च्या लोकसभा प्रचारात मनेका गांधी यांनी पडलेल्या मतांवरून गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी करून त्या क्रमाने कामे करण्याची पद्धत उत्तर प्रदेशात जाहीरपणे सांगितली होती. आपल्या महाराष्ट्रातही आमच्या विचाराचा सरपंच नसेल तर निधी मिळणार नाही, अशी वक्तव्ये व्यासपीठावरून झाली आहेत. पण निधी ही त्यातली सांगण्याजोगी बाजू. न सांगता होणारे पुष्कळ असते: जळालेले रोहित्र बदलायला लागणारा वेळ, घरकुलाच्या यादीतला क्रमांक, उभ्या उसाला मिळणारी तोड, आणि आपल्या डोंगरपट्ट्यातून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मिळणारी उचल. यातले काहीही नाकारावे लागत नाही, नुसते लांबवले तरी पुरते.

यात ध्रुवीकरण मिसळले की वरून येणारी ही भीती आडवीही पसरते. 2024 च्या लोकसभेला बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला. आरक्षणाच्या प्रश्नावर मराठा आणि ओबीसी समाज आधीच समोरासमोर आले होते. इतक्या थोड्या फरकाच्या निकालात प्रत्येक गावाचा आकडा हिशेबाला येतो. निकालानंतर समाजमाध्यमांवर काय लिहिले गेले आणि एकमेकांच्या दुकानात जायचे नाही ही भाषा कशी सुरू झाली, ते मराठवाड्याने पाहिले. सामाजिक बहिष्काराची धमकी देऊन मत वळवणे हा भ्रष्ट मार्ग असल्याचे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123 सांगते. बहिष्कारच गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा 2016 चा कायदाही आहे. पण त्यासाठी कुणीतरी आपल्या नावाने तक्रार करावी लागते, आणि तक्रार करणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचे असते.

उपाय नवा नाही. मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. निवडणूक नियमांतला नियम 59-अ मतदारांना धमकावले जाण्याची, त्यांच्यावर सूड उगवला जाण्याची शक्यता लक्षात घेऊनच केलेला आहे. यंत्रे आली आणि मिसळणे थांबले. 2008 मध्ये निवडणूक आयोगाने ‘टोटलायझर’ सुचवले: 14 केंद्रांची यंत्रे एकत्र जोडायची आणि फक्त एकत्रित बेरीज जाहीर करायची. विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही. आपण कुठे कमी पडलो हे केंद्रनिहाय आकड्यांमुळे कळते आणि तिथे काम करता येते, अशी बाजू मांडली गेली. ज्या आकड्यावरून जास्त काम करता येते, त्याच आकड्यावरून काम अडवताही येते. त्यातले कोणते करायचे हे जिंकलेला ठरवणार, आणि नेमके त्याच्याच मर्जीपासून मतदाराला वाचवायचे आहे.

याहून वजनदार आक्षेप पारदर्शकतेचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने 2024 च्या विधानसभेनंतर मतदान यंत्रांवर शंका घेतली ती गावाच्या आकड्यामुळेच. आकडा झाकला असता तर शंका कुठून काढणार? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण केंद्रावर एकूण किती मते पडली हे नमुना 17-क मध्ये मतदान संपताच प्रतिनिधींच्या हाती पडते, आणि ते तसेच राहील. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या जुळवून पाहिल्या जातात, त्याही जुळवता येतील. ती पाच वाढवा, असे तर माझे म्हणणे आहे. यंत्रातली नोंद पुसायची नाही. ती मोहोरबंद ठेवायची आणि वाद झाला तर न्यायालयाने उघडायची. शिवाय मारकडवाडीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहा. 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मत देऊन दाखवायला ते गाव निघाले, प्रशासनाने ते होऊ दिले नाही, गुन्हे दाखल झाले. त्यांच्या शंकेला यंत्रणेने मोकळेपणाने उत्तर द्यायला हवे होते. पण आपण कुणाला मत दिले हे गावाने चारचौघांत सिद्ध करायला निघावे, ही वेळच का यावी?

आणखी एक आक्षेप गरीब वस्त्यांकडून येतो, आणि मला तो सगळ्यात खरा वाटतो. एकगठ्ठा मत हेच आमचे भांडवल; लीड दाखवले तरच पाणंद रस्ता होतो, आकडा लपला तर आम्हाला विचारणार कोण? पण या सौद्याला कोण बसते? वस्तीतला एखादा म्होरक्या. शब्द तो देतो, आणि आकडा कमी भरला की झाडाझडती वस्तीतल्या बायामाणसांची होते. शिवाय सौद्यातला उमेदवार पडला, तर तेच भांडवल उलटून अंगावर येते. इंग्लंडमध्ये 1872 पर्यंत कुळे जमीनदाराच्या देखत उघड मत देत, तेव्हाही धन्याला खूश ठेवण्यात कुळाचे हित आहे, असेच सांगितले जाई.

ग्रामपंचायतीला हा उपाय लागू पडणार नाही, हे मान्य. तिथे प्रभागच एवढासा असतो की मिसळायला दुसरे काही नाही. विधानसभा आणि लोकसभेला मात्र तो लागू पडतो, आणि त्यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. 1961 चे निवडणूक नियम केंद्र सरकारच आयोगाशी विचारविनिमय करून बदलते. डिसेंबर 2024 मध्ये कॅमेऱ्यांचे चित्रण लोकांना पाहता येऊ नये म्हणून नियम 93 असाच बदलला गेला, आणि त्याला काही दिवस पुरले. टोटलायझरचा प्रस्ताव 2008 पासून पडून आहे.