आपली हकिकत, आपल्या ओळीत

(सांगली येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या लेखन-शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



कविता कशी करावी हे शिकवायला मी इथं उभी नाही. आपल्यापैकी बहुतेकींनी आपली हकिकत आजवर कुठं ना कुठं सांगितलेलीच आहे : पोलीस ठाण्यात, वकिलापुढं, पंचांपुढं, पोटगीच्या अर्जात. पूर्वी ते कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झालं. आकडा बदलला, अर्जाची भाषा तीच : ‘सदर अर्जदार हिस गैरअर्जदार याने नांदविण्यास नकार दिला.’ हकिकत खरी आहे, पण त्यात बाई कुठं आहे? अर्ज तसाच लिहावा लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोटगी त्यानंच मिळते. पण सांगायची ती एकच भाषा उरली, तर बाई स्वतःलाही ‘सदर अर्जदार’ म्हणूनच बघायला लागते.

आपल्या जिल्ह्यात परित्यक्तांची चळवळ झाली. इंदुताई पाटणकरांसारख्या बाईनं ती उभी करायला आयुष्य वेचलं. त्या बायकांनी रेशनकार्ड स्वतःच्या नावावर मागितलं, राहायला जागा मागितली. नाव कुणाचं, हा प्रश्न आपण तिथं विचारला. हकिकत कुणाची, हा त्याच्याच शेजारचा प्रश्न आहे.

बायकांनी ओळींत आयुष्य सांगणं आपल्याकडं नवं नाही. संत बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा. त्यांनी आपलं चरित्रच अभंगांत सांगितलं. तुकारामांना गुरू मानलं म्हणून ब्राह्मण नवऱ्यानं मारलं, तेही झाकलं नाही. जात्यावरच्या ओव्या तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या गटानं गावोगाव फिरून एक लाखाच्या वर जमवल्या. त्यांत माहेर, भाऊ, विठ्ठल आहेत, तसा सासरवास आहे आणि बाबासाहेबही आहेत. तेव्हा ओवीत आपलं दुःख मावत नाही असं कुणी म्हणू नये. पण ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालायची. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, दोघींनी समोरासमोर बसायची वेळ गेली. (दळणाची वेळ गेली म्हणून हळहळायचं कारण नाही. दळणारीला विचारा.) गेली ती आपसांत बोलायची हक्काची जागा.

मग मुक्तछंदाकडं का वळायचं? मराठीत तो रुजवला कवी अनिलांनी. ‘प्रेम आणि जीवन’ १९३५ चं, ‘भग्नमूर्ती’ १९४० चं. ती शिकलेल्या माणसांची कविता होती. पण यमक आणि मात्रा यांची सक्ती सुटली, बोलण्याची लय कवितेत आली, आणि ती वाट पुढं कुणाकुणाच्या कामी आली बघा. नारायण सुर्वे : रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणीकामगारानं वाढवलेलं. १९६६ च्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये त्यांनी आपलं आयुष्यच कवितेत मांडलं. हिरा बनसोडे यांच्या १९८४ च्या संग्रहाचं नाव आहे ‘फिर्याद’. हा शब्द आपल्याला कोशात शोधावा लागत नाही. ठाण्यातला शब्द बाईनं कवितेत आणला, आणि फिर्याद कुणाविरुद्ध हे तिनंच ठरवलं.

आता कामाचं. दोन ओळी तोडून एकाखाली एक लिहिल्या की मुक्तछंद होत नाही. श्वास जिथं अडतो तिथं ओळ तुटते. सांगताना आपण जिथं गप्प होतो, पदर सारखा करतो, ती जागा कागदावर कोरी सोडायची. मघाचंच नांदवण्याचं वाक्य घेऊ. नमुन्यादाखल मीच जुळवते :

पेटी घेऊन आले होते
पेटी तिथंच राहिली
कडी तेवढी
अजून हातात आहे

इथं कुणी वाईट, कुणी चांगलं असं काही म्हटलेलं नाही. पेटी आहे, कडी आहे. जन्मापासून सुरुवात करू नका, कंटाळा येतो. एका वस्तूपासून करा : डोरलं, उसाचा कोयता, मुलाचा शाळेचा दाखला, हळदीच्या पोत्याची सुतळी. वेदना, अश्रू, अबला हे शब्द आज दुपारपुरते बाजूला ठेवू. ते फार वापरले गेलेत, आणि पुष्कळदा आपल्यासाठी दुसऱ्यांनीच वापरलेत.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, शेजारणीनं लिहायचं. आणि कार्यकर्त्या मैत्रिणींना मुद्दाम सांगते : तिचा शब्द सुधारू नका. ती ‘हाणलं’ म्हणाली तर ‘शारीरिक छळ केला’ असं लिहायचं नाही. आपल्याला अहवालाची सवय आहे, हात लगेच तिकडं वळतो. लिहून झालं की तिला मोठ्यानं वाचून दाखवा, ती नाही म्हणेल ती ओळ खोडा.

अंकात छापायचं की नाही, हा निर्णय जिची हकिकत तिचाच. खटला चालू असेल, मुलांच्या ताब्याचा वाद असेल, तर छापलेली ओळ कोर्टात तिच्यासमोर धरली जाऊ शकते. आधी वकिलाशी बोला. नाव बदला, गावही बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात पेटीवरूनसुद्धा माणूस ओळखतात. आज हो म्हणालेली उद्या नको म्हणाली, तर कारण विचारायचं नाही, कागद तिला परत द्यायचा.

वह्या मागच्या सतरंजीवर ठेवल्या आहेत. दोघी-दोघी बसा. पोरं झोपलीत त्यांच्या बाजूला जरा हळू बोला.