पाते का तुटते?



आज आम्ही एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ही पाहा. वीतभरही लांब नाही. गवताच्या काडीएवढी बारीक आहे. हे नक्षीच्या करवतीचे पाते. कोणी तिला फ्रेट करवत म्हणतात. देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नावाची पाटी, गणपतीचे मखर, ही कामे तिने होतात. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. तेव्हा लाकडाचे नि प्लायवूडचे मखर करणाऱ्याला काम आहे. पण पाती सारखी तुटू लागली, तर मिळकत पात्यांतच जाते. मग माणूस धंदाच सोडतो.

पाते का तुटते, हे आम्ही फार उशिरा शिकलो. ती हकीकत आधी सांगतो.

१९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. मुलांना हाताच्या कामातून शिकवावे, हा महात्मा गांधींचा विचार तिथे मांडला गेला. तो विचार आम्हांला पटला होता. म्हणून आम्ही शाळेत नक्षीच्या करवती आणल्या. वर्गात एक मुलगा होता. आई मोलमजुरी करी. सकाळी गुरे सोडून मग तो शाळेत येई. त्याला उशीर होई. सगळ्यांनी करवती घेतल्या, की उरेल ती त्याच्या वाट्याला येई. त्याच्याच हातून पाती तुटत. आम्हांला वाटले, पोरगा धसमुसळा आहे. आम्ही दर पात्याला दंड लावला. पाचवे पाते तुटले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

पुढे सुट्टीत आम्ही त्या करवती एका म्हाताऱ्या सुतारबाबांना दाखवल्या. त्यांनी एकेक पाते बोटाने छेडून पाहिले. एका करवतीशी थांबले. म्हणाले, "गुरुजी, हिचा पेच झिजलाय. पातं धरतच न्हाई, सैल पडतंय. ह्यात पोराचा काय दोस?"

ती त्याचीच करवत होती. आम्ही दंडाचे पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. तोवर आईने त्याला परगावी कामाला धाडले होते. पैसे परत केले. पोरगा मात्र शाळेत परत आला नाही.

आता सुतारबाबांनी शिकवले ते नीट ऐका.

पहिली गोष्ट, पाते ताठ हवे. तार इकडेतिकडे वाकवत राहिलो, की ती तुटते ना? सैल पातेही तसेच वाकते नि तुटते. पाते बसवून बोटाने छेडावे. टणत्कार आला तर ठीक. भद्द आवाज आला तर सैल. पण फार ताणले तरीही तुटते. पात्याच्या टोकांना तेल असेल तर चिमट्यातून निसटते. टोके काचपेपरने घासून घ्यावीत.

दुसरी, दात मुठीकडे, म्हणजे खाली वळलेले असावेत. करवत खाली ओढताना कापते. यंत्रातही दात खालीच हवेत. दात वर असले, तर लाकूड उचलते, आपटते नि पाते मोडते. म्हणून लाकूडही फळीवर घट्ट दाबून धरावे.

तिसरी, जोर लावू नये. कापणे हे दातांचे काम. आपण लाकूड हळूहळू पुढे द्यावे. आडवे रेटू नये. कोपरा आला, की पुढे ढकलणे थांबवावे. पण करवत वरखाली चालूच ठेवावी आणि लाकूड सावकाश फिरवावे. करवत थांबवून लाकूड वळवले, की पाते पिळले जाते. आमची मुले तिथेच चुकत.

चौथी, लाकूड पाहून पाते घ्यावे. जाड लाकडाला रुंद पाते, मोठे दात. पातळ फळीला बारीक दात. फळीच्या जाडीत निदान तीन दात मावले पाहिजेत. नाही तर दात अडकतात.

पाचवी, बोथट पाते वेळीच बदलावे. प्लायवूडमधल्या सरसाने दात लवकर जातात. काप काळा पडला, जळका वास आला, पाते रेघ सोडून जाऊ लागले, की ते संपले असे समजा. बोथट पाते आपण दाबतो, आणि दाबले की ते तुटते. हाताच्या करवतीच्या पात्याला मेणबत्ती घासली, तर ते हलके चालते.

मधली जाळी कापायची असेल, तर आधी गिरमिटाने भोक पाडावे. पात्याचे एक टोक सोडून भोकातून ओवावे, मग पुन्हा ताठ करावे. काम संपले, की ताण सैल करून करवत ठेवावी.

आणि डोळे सांभाळा. तुटलेला तुकडा उडतो. चष्मा लावा. यंत्र असेल तर आधी बटण बंद करा, मगच हात घाला.

पुढच्या वर्गाला ज्याच्या घरी करवत असेल त्याने ती घेऊन यावी. आपण पेच तपासू. आणि तुमच्या हाताखाली एखादे पोर शिकत असेल, त्याच्याकडून पाते तुटले, तर रागावण्याआधी करवत आपल्या हातात घ्या आणि पाते छेडून पाहा. आम्ही तेवढे केले नाही.