गोळीचं खरं नाव



मला आज दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘परदेशप्रवास आणि औषधं’. विषय मोठा आहे. मी त्यातली एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे, त्यामुळे ही गोष्ट एकदा सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. गोष्ट अशी, की तुम्ही जी गोळी रोज घेता तिचं खरं नाव तुम्हाला माहीत हवं. पट्टीवर ठसठशीत छापलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. खरं नाव त्याच्या खाली असतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. विमानतळावर विचारतात ते हे दुसरं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक काकू दुकानात आल्या. लेकीचं बाळंतपण, दुबईला. दोन दिवसांनी विमान. डिंकाचे लाडू झाले, अळीव भरले, बाळाची दुपटी शिवून झाली, आणि सगळ्यात शेवटी आठवण झाली ती स्वतःच्या गोळ्यांची. पिशवीतून तीन रिकाम्या पट्ट्या काढल्या आणि म्हणाल्या, “तीन महिन्यांच्या द्या. ही साखरेची, ही बीपीची आणि ही आपली व्हिटॅमिनची. पायाची आग होते ना रात्री, त्याची.”

मी ती व्हिटॅमिनची पट्टी उजेडात धरली. बारीक अक्षरांत दोन नावं होती. एक मिथाइलकोबालामिन, 750 मायक्रोग्रॅम. हे खरोखरच व्हिटॅमिन, बी-ट्वेल्व्ह. दुसरं प्रीगाबालिन, 75 मिलिग्रॅम. मधुमेहात मज्जातंतू दुखावले की पायाची जी आग होते ती शमवतं ते हे. काकूंना गेली चार वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं की व्हिटॅमिनच्या सोबत आणखी एक औषध त्या घेताहेत. डॉक्टरांनी नाही, आणि मीही नाही.

आता हे प्रीगाबालिन संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. तिथे ते नेताना आधी परवानगी घ्यावी लागते. ब्रिटनने 1 एप्रिल 2019 पासून त्याला नियंत्रित औषधांत घातलं, अमेरिकेत ते 2005 पासून आहे. या देशांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. काही लोक या गोळ्या नशेसाठी घेतात, म्हणून ते बंधन आहे. पण लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या काकूंच्या पर्समधल्या गोळ्या कशासाठी आहेत, हे तिथल्या अधिकाऱ्याला कागदाशिवाय कसं कळावं?

तुमच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. सात वाट्या, मधे एक छोटा चमचा. फोडणी तडतडत असताना तुमचा हात न बघता हळदीवर जातो, हिंगावर जातो. घर तुमचं, डबा तुमचा. आता कल्पना करा, की या डब्यासमोर असा माणूस उभा आहे ज्याने आपलं जेवण कधी पाहिलेलं नाही. त्याला धणेपूड आणि जिरेपूड यातला फरक कळेल? ज्या पुड्यातून वाणसामान आलं त्यावर नाव होतं, वजन होतं, तारीख होती. पण डब्यात ओतल्यावर पुडा आपण टाकून दिला. हा माणूस निदान वास घेऊन बघू शकेल. गोळीला तर वासही नसतो.

आपल्या औषधांचं आपण नेमकं हेच करतो. प्रवासाला निघताना मुलगा प्लॅस्टिकचा छान डबा आणून देतो, सोमवार ते रविवार खणांचा. त्यात सगळ्या गोळ्या पट्टीतून सोडवून भरायच्या आणि पट्ट्या कचऱ्यात. घरी हा डबा उत्तम. औषध चुकत नाही, दोनदा घेतलं जात नाही. पण सीमा ओलांडताना तो मिसळणाचा डबा होतो. पांढरी गोल गोळी, पिवळी लांबट गोळी, अर्धी तोडलेली गोळी. त्यातली हळद कुठली आणि हिंग कुठला हे फक्त तुम्हाला माहीत.

आणि यात आम्हा औषधवाल्यांचीही चूक आहे, ती मी इथे कबूल करते. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, आम्ही दहाच्या पट्टीला कात्री लावतो. मुदतीची तारीख ज्या टोकाला असते तो तुकडा शक्यतो दुकानात ठेवतो. तुमच्या हातात येतो तो नाव अर्धं तुटलेला तुकडा. शेजारच्या गावाला जायचं तर चालेल. परदेशी जाताना पूर्ण पट्टी मागा, खोक्यासकट मागा, आणि बिल मागा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. बिलावर तुमचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि औषधाचं नाव, तिन्ही लिहून घ्या.

डब्याचा विषय निघालाच आहे तर जाता जाता खसखशीचं सांगते. अनारशाला लावतो ती खसखस. अमिराती आणि सिंगापूर, दोन्हीकडे ती आणायला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. दिवाळीचा फराळ मुलाकडे दुबईला नेताना अनारसे घरीच राहू द्या.

पुन्हा औषधांकडे येते. गुडघेदुखीसाठी सर्रास लिहून दिली जाणारी एक गोळी आहे. तिच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतं, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम आणि ट्रॅमाडोल 37.5 मिलिग्रॅम. ट्रॅमाडोल अफूच्या गुणधर्माचं वेदनाशामक आहे. आपल्याकडेही एप्रिल 2018 मध्ये ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. 2017 च्या ऑक्टोबरात एक ब्रिटिश बाई ट्रॅमाडोलच्या 290 गोळ्या घेऊन इजिप्तच्या हुरघाडा विमानतळावर उतरली. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या, असं तिचं म्हणणं होतं. डिसेंबरात तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. 2019 च्या जानेवारीत सुटली, पण तोवर वर्षाहून जास्त काळ ती कोठडीत आणि तुरुंगात होती.

जोडीदारासाठी आणल्या होत्या, हे लक्षात घ्या. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की शेजारचे, नात्यातले येतातच. “जाताय ना, मग आमच्या पिंट्याला एवढं औषध द्याल का? तिकडे फार महाग पडतं हो.” नकार द्यायला जड जातं, मला ठाऊक आहे. तरी नकारच द्या. दुसऱ्याच्या नावाचं औषध तुमच्या बॅगेत असेल तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल आणि पिंट्या तिथे नसेल. आणि टपालाने पाठवणं हा त्यावरचा उपाय नाही. 2015 च्या जूनमध्ये टोयोटा कंपनीतल्या एका वरिष्ठ अमेरिकन अधिकारी बाईंना टोकियोत अटक झाली. त्यांच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या 57 गोळ्या निघाल्या होत्या. पुढे खटला न भरता त्यांना सोडलं, पण तोवर त्यांनी पदाचा राजीनामा दिला होता.

जपानचं निघालं म्हणून सांगते, कारण हल्ली चेरीचा बहर बघायला आपली मंडळी खूप जातात. तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेलं साधं औषध महिनाभराचं न्या, हरकत नाही. त्याहून जास्त न्यायचं तर आधी अर्ज करून दाखला घ्यावा लागतो. कोडीन, मॉर्फिन गटातल्या औषधांना वेगळी आगाऊ परवानगी लागते, अर्ज किमान दोन आठवडे आधी. सर्दीच्या ज्या औषधात स्यूडोएफेड्रीन 10 टक्क्यांहून जास्त आहे त्यावरही तिथे कडक बंधन आहे. आणि अ‍ॅम्फेटामाइन, जे अमेरिकेत लक्ष एकाग्र होत नाही म्हणून मुलांना, तरुणांना लिहून देतात, ते तर डॉक्टरांचा कागद असला तरी चालत नाही. अमेरिकेतून परस्पर जपानला फिरायला जाणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांना हे जरूर कळवा. सिंगापूरलाही काही वेदनाशामकं, काही झोपेच्या गोळ्या नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागते.

तुम्ही म्हणाल, एवढे देश, एवढे नियम, आम्ही लक्षात कसे ठेवायचे? ठेवू नका. नियम बदलतात, आज मी सांगितलेला पुढल्या वर्षी वेगळा असेल. म्हणूनच म्हणते, खरं नाव माहीत करून घ्या. ते हाती आलं की बाकीचं शोधता येतं. त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर, आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर याद्या असतात. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळ आहे, तेही प्रवाशांसाठी देशवार नियम प्रसिद्ध करतं. पण या सगळ्या याद्या खऱ्या नावाने असतात. आपल्या कंपनीचं नाव घालून शोधलंत तर काहीच सापडणार नाही, आणि काही सापडलं नाही म्हणजे औषध चालतं असं तुम्ही समजाल. इथेच माणूस फसतो.

पट्टीवर आणखी एक खूण बघा. वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असं असेल, तर ते औषध आपल्याच अंमली पदार्थांच्या कायद्यात येतं. चिंतेवरच्या, झोपेच्या पुष्कळ गोळ्यांवर ही खूण असते. ती दिसली की थांबायचंच. पण ती नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. काकूंच्या पट्टीवर नुसतं ‘आरएक्स’ होतं.

आता डॉक्टरांचं पत्र. माझ्याकडे तीनेक मिनिटं उरली असतील, तेव्हा भरभर सांगते. नेहमीची चिठ्ठी पुरत नाही. डॉक्टरांच्या छापील कागदावर इंग्रजीत पत्र हवं. आजार काय, औषधाचं खरं नाव काय, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, एकूण किती गोळ्या बरोबर आहेत. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असं भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्ये नियमातच घातलं आहे. त्यामुळे हे मागताना संकोच करू नका.

आणि त्या पत्रावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. हे आपल्या बायकांच्या बाबतीत फार महत्त्वाचं. लग्नात नाव बदललेलं असतं. सासरी सुनंदा, पासपोर्टवर शाळेच्या दाखल्यावरची मालती. डॉक्टर वीस वर्षांपासून ओळखीचे, ते चिठ्ठीवर लिहितात ‘जोशीकाकू’. आपल्या गावात कुणाला शंका येत नाही. परक्या देशात चिठ्ठीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई वेगळी ठरते, म्हणजे गोळ्या दुसऱ्याच कुणाच्या ठरतात. अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

नावांमध्येही घोळ आहे, तोही सांगायला हवा. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि जपानमध्ये अ‍ॅसिटामिनोफेन असतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. औषध तेच.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात टाकू नका, गोठलं तर निकामी होतं. सुयांचा उल्लेख डॉक्टरांच्या पत्रात असू द्या. आयुर्वेदिक औषधांवर खरं तर वेगळं भाषण हवं. ‘आयुर्वेदिक आहे, त्याला कोण विचारतंय’ हा समज फार पसरलेला आहे. काही जुन्या कल्पांत अफू असते, काहींत पारा असतो, आणि बाहेरचे देश ते तपासतात. ते आता इथेच सोडते, वेळ नाही.

त्या काकूंचं काय झालं ते राहिलं. मी त्यांना त्या दिवशी गोळ्या दिल्या नाहीत. त्या चिडल्या, अगदी डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. हे औषध एकदम बंद करता येत नाही, म्हणून बंद करायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी पत्र दिलं, जावयांनी तिकडून ऑनलाइन अर्ज भरायला मदत केली. चिठ्ठी, आजाराचा अहवाल, पासपोर्टची प्रत, सगळं जोडलं. तिकीट अकरा दिवस पुढे गेलं, त्याचे पैसे पडले. परवानगी आली, मग काकू गेल्या. त्या पोचल्यावर चौथ्या दिवशी मुलगी झाली.

सगळ्यांनाच असे अकरा दिवस मिळत नाहीत. तुमच्या घरातून पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुणी परदेशी निघणार असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करा. चष्मा लावा, दिवा जवळ घ्या आणि प्रत्येक पट्टीवरची बारीक अक्षरं एका कागदावर उतरवून काढा. वाचता आली नाहीत, तर ती पिशवी घेऊन जवळच्या औषधांच्या दुकानात जा. काही विकत घ्यायला हवंच असं नाही. आम्ही वाचून देऊ.