रेषा आणि देह यांच्या सीमेवर



 दृश्यकलेच्या परिषदेत अध्यक्षीय भाषणात क्षेत्राचा आढावा घ्यायची प्रथा आहे. मी मात्र एकच म्युझिक व्हिडिओ घेऊन आलो आहे: नॉर्वेच्या ‘आ-हा’ या बँडचं १९८५ सालचं ‘टेक ऑन मी’. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन.

या गाण्याचा आधी एक व्हिडिओ निघाला होता. त्यात निळ्या पार्श्वभूमीवर बँड गाताना दिसतो. गाणं तेव्हा फारसं चाललं नाही. पुढे अॅलन टार्नी यांनी ते नव्यानं ध्वनिमुद्रित केलं आणि बॅरन यांचा व्हिडिओ आला. म्हणून गाण्याच्या नंतरच्या यशाचं सगळं माप दृश्याच्या पदरात टाकणं मला पटत नाही. पण दोन्ही व्हिडिओ लागोपाठ पाहिले, की पहिल्यात चित्र गाण्याच्या मागे उभं आहे आणि दुसऱ्यात ते स्वतः काही बोलतं आहे, हे लगेच कळतं.

कॅफेत बसलेली मुलगी चित्रकथा वाचते आहे. पानातला नायक डोळा मिचकावतो, पेन्सिलीनं रेखाटलेला हात पानातून बाहेर येतो आणि ती आत जाते. हे साधलं रोटोस्कोपिंगनं. आधी माणसांचं चित्रण करायचं, मग त्यातली एकेक चौकट हातानं रेखाटायची. मॅक्स फ्लायशर यांनी हे तंत्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच विकसित केलं होतं. मायकेल पॅटरसन आणि कॅन्डेस रेकिंगर यांनी इथे सुमारे ३,००० चौकटी रेखाटल्या. त्याला सुमारे १६ आठवडे लागले. लागोपाठची दोन रेखाटनं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे पात्र स्तब्ध असलं तरी त्याची रेषा थरथरत राहते. ती थरथर पुसून टाकायचा प्रयत्न इथे झालेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. नायक कागदाचा आहे, केव्हाही पुसला जाईल, ही भीती कथानकाच्या आधी त्या रेषेतच असते.

मला सर्वांत जास्त थांबवतो तो मधल्या चौकटीचा प्रसंग. चित्रजगात एक रिकामी चौकट उभी आहे. तिच्यातून पाहिलं की माणूस हाडामांसाचा. बाहेर आला की नुसती रेषा. एकाच प्रतिमेत अर्धं रेखाटन, अर्धं छायाचित्रण. काढलेला खांदा जिथे संपतो तिथूनच खरा खांदा सुरू व्हायला हवा, आणि हालचाल चालू असताना क्षणोक्षणी तो तसाच जुळायला हवा. ही करामत कथेला थांबवत नाही. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा नीट पाहण्याचा क्षण म्हणजेच ती करामत आहे. तंत्र आणि आशय वेगळे काढून दाखवा म्हटलं, तर मला ते जमणार नाही.

कॅफेतली वेट्रेस पानं चुरगाळून कचऱ्यात टाकते, तेव्हा आतल्या दोघांचं जगच फाटतं. शेवटी नायक अरुंद मार्गिकेत भिंतींवर आपटत राहतो, प्रत्येक धडकेगणिक रेषा आणि देह यांच्यात हेलकावत. ही कल्पना बॅरन यांनी केन रसेल यांच्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या १९८० च्या चित्रपटावरून घेतली. घेतली, पण तिला इथे नवं कारण मिळालं.

एकेक चौकट जोडत हालचाल घडवण्याची ही चिकाटी आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच टिपली होती. तरीही म्युझिक व्हिडिओवर मराठीत लिहिताना आपण गायक, पेहराव आणि प्रेक्षकसंख्या यांपाशी थांबतो. कॅमेरा कुठे आहे, कट कोणत्या ठेक्यावर पडतो, रंग कधी काढून घेतला जातो, हे लिहायला हवं. आणि ज्यांच्या हातांनी ते घडलं, त्यांची नावंही परीक्षणात यायला हवीत. आजच्या सत्रांत निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की संकलक, छायालेखक आणि अॅनिमेटर यांची नावं दिग्दर्शकाच्या नावाबरोबरच घ्यावीत.