नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

तापी नदीच्या काठी वसलेल्या बुऱ्हाणपूर शहरात लोधीपुरा नावाची वस्ती आहे. बोहरा समाजाच्या दर्गाह-ए-हकीमीमुळे दूरदूरचे यात्रेकरू तेथे येतात आणि मराठी, हिंदी, उर्दू अशा भाषा एकाच रस्त्यावर कानी पडतात. अशा जुन्या शहरातील खरेदीची एक रीत होती. कुंकू, काजळ, अत्तर विकणारा दुकानदार गिऱ्हाइकासमोर बसलेला असे. कुंकवाने कपाळ चिघळले, तर दुसऱ्या दिवशी तीच पुडी हाती घेऊन त्याच्या दुकानाची पायरी चढता येई. वाईट माल त्या काळीही निघत असे. परंतु जाब विचारायला माणूस समोर होता.

आता काळ पालटला आहे. समजा, लोधीपुऱ्यातील एखाद्या घरी लग्न निघाले आहे. घरातील मुलगी मोबाइलवर लिपस्टिक, काजळ आणि चेहऱ्याला लावण्याचे फाउंडेशन शोधते. दुकानात बाराशे रुपयांना मिळणारी नामांकित कंपनीची लिपस्टिक तेथे साडेतीनशेला दिसते. चार दिवसांत पुडके दारी येते. खोके चकचकीत, नाव ठसठशीत, आत लिपस्टिकची सुबक कांडी. सारे घर कौतुकाने पाहत असता आत्या विचारते, “अगं, पण हे पाठवलं कुणी?” मुलगी ॲपचे नाव सांगते. आत्याचे समाधान होत नाही. “ते बाजाराचं नाव झालं. दुकानदार कोण?”

प्रश्न साधा आहे. परंतु ऑनलाइन मिळणाऱ्या बनावट सौंदर्यप्रसाधनांचा सगळा विषय त्यात सामावलेला आहे. ॲप किंवा संकेतस्थळ हे बहुधा बाजाराचे आवार असते. त्यात हजारो विक्रेते आपापला गाळा मांडून बसलेले असतात. आवार ओळखीचे आहे, म्हणून प्रत्येक गाळ्यावरचा माल खरा, असे समजण्याचे कारण नाही.

नकली मालाची व्याख्या आपल्या कायद्याने स्पष्ट केली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे. दुसऱ्याच्या नावाने विकलेले, दुसऱ्याची हुबेहूब नक्कल केलेले, किंवा अस्तित्वातच नसलेल्या निर्मात्याचे नाव छापलेले प्रसाधन या कायद्याच्या दृष्टीने बनावट होय. असा माल बनविणाऱ्यास व विकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याखेरीज किमान पन्नास हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड सांगितलेला आहे. ‘फर्स्ट कॉपी’ असे गोंडस नाव देऊन विकला जाणारा मालही याच सदरात मोडतो. नक्कल कितीही उत्तम साधली, तरी ती नक्कलच.

ही नक्कल केवळ गरीब वा भोळ्या गिऱ्हाइकालाच फसविते, असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या शासकीय हिशेबतपासणी कार्यालयाने एक प्रयोग केला आणि त्याचा अहवाल २०१८ च्या जानेवारीत प्रसिद्ध केला. या कार्यालयाच्या तपासनिसांनी लोकप्रिय संकेतस्थळांवरील निरनिराळ्या विक्रेत्यांकडून ४७ वस्तू मागविल्या. त्यांपैकी २० बनावट निघाल्या. त्या ४७ वस्तूंत एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाची सौंदर्यप्रसाधने १३ होती आणि ती तेराच्या तेरा बनावट ठरली. विशेष म्हणजे वस्तू मागविताना ग्राहकांची पसंती शेकडा नव्वदांहून अधिक असलेले विक्रेते निवडण्यात आले होते. तात्पर्य, विक्रेत्याच्या नावापुढील तारे मोजून मालाचा खरेपणा ठरत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसांनी २१ ठिकाणी छापे घालून सुमारे सात लाख डॉलर किमतीची नकली प्रसाधने पकडली. तपासणीत त्या मालात घातक जंतू आणि प्राण्यांच्या विष्ठेचे अंश आढळले. ओठांना आणि पापण्यांना लावण्याच्या त्या वस्तू होत्या! भारतातही २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बनावट व भेसळयुक्त प्रसाधनांची विक्री होत असल्यावरून औषध महानियंत्रकांनी ऑनलाइन व्यापार करणाऱ्या बड्या कंपन्यांना नोटिसा बजावल्या होत्या.

कोणी म्हणेल, “रंग थोडा फिका निघाला, पैसे बुडाले, एवढेच ना?” दुर्दैवाने तेवढेच नसते. नकली माल बनविणाऱ्याला स्वच्छतेचे बंधन नसते, रंगातील शिसे मोजण्याची गरज वाटत नाही, आणि परिणाम झटपट दिसावा म्हणून काय वाटेल ते मिसळण्याची त्याला भीती नसते. याचे सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे गोरेपणाच्या क्रीममधील पारा. त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया पारा रोखतो. त्यामुळे काही दिवसांतच चेहरा उजळल्यासारखा भासतो आणि गिऱ्हाईक खूश होते. परंतु तोच पारा त्वचेवाटे रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठू लागतो.

बुऱ्हाणपूरहून फार दूर नसलेल्या अकोल्यात हे घडले आहे. एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि तिची बहीण, अशा एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघीही एकच गोरेपणाचे क्रीम वापरीत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने तपास झाला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा असल्याचे उघडकीस आले. २०२३ च्या आरंभी ही हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. ते क्रीम कोणा परक्या संकेतस्थळावरून आलेले नव्हते, तर गावातीलच एका ब्यूटिशियनकडून घेतलेले होते. म्हणजे देणारा हात ओळखीचा असला, तरी तेवढ्याने भागत नाही. डबीत काय आहे आणि ती भरली कोणी, हे विचारावेच लागते. अनोळखी विक्रेत्याच्या बाबतीत तर ते दुपटीने विचारावे लागते.

केरळातही हाच अनुभव आला. तेथील एका रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांचा विकार एकाच दुर्मिळ प्रकारचा होता, आणि त्या पंधरांतील तेरा जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. समाधानाची गोष्ट अशी की, क्रीम थांबविल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. म्हणूनच शंका येताच वापर बंद करणे आणि डॉक्टरांना ती डबी नेऊन दाखविणे याला फार महत्त्व आहे. पाय वा डोळ्यांखालचा भाग सुजणे, लघवीला फेस येणे ही लक्षणे दिसली, तर ‘मी एक क्रीम लावीत होते’ हे डॉक्टरांपासून लपवू नये.

आता प्रश्न असा की, घरबसल्या खरेखोटे ओळखावे कसे? सोनाराकडे कसोटीचा दगड असतो. गृहिणीजवळ तसा दगड नाही. पारा आणि शिसे डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून पाहण्याची रीत चांगली आहे. त्याने खाज वा पुरळ उठते का, ते समजते. पण त्वचेवर काही उठले नाही, म्हणून वस्तू निर्विष आहे, असे मात्र ठरत नाही. तरीही काही खुणा अशा आहेत की, त्या पाहिल्या तर बरीचशी फसवणूक टळते.

पहिली खूण किमतीची. मोसमी सवलत सर्वत्र असते. पण जी वस्तू कंपनीच्या स्वतःच्या दुकानात बाराशेला मिळते, ती कोणी अनोळखी विक्रेता बारा महिने तीनशेला देत असेल, तर त्याच्या औदार्याचे कारण शोधावे.

दुसरी खूण लेबलाची. आपल्या देशात २०२० साली सौंदर्यप्रसाधनांचे नवे नियम लागू झाले. त्यांनुसार खोक्यावर निर्मात्याचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकद्रव्ये छापलेली असावी लागतात. परदेशी माल असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. लहानशा कांडीवर हा सर्व मजकूर मावत नाही, म्हणून बाहेरचे खोके फेकण्यापूर्वी वाचावे. परदेशी नाव आहे, परंतु भारतातील आयातदाराचा मागमूस नाही, अशी वस्तू चेहऱ्याजवळही नेऊ नये.

तिसरी खूण जुळणीची. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि आतल्या बाटलीवरचा क्रमांक एकच आहे ना? नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक नाही ना? लिपस्टिकच्या ज्या छटेचे नाव छापले आहे, ती छटा कंपनीच्या स्वतःच्या यादीत आहे का? झाकण सैल, छपाई पुसट, सील उचकटलेले, वास उग्र किंवा रॉकेलसारखा, अशी एखादी गोष्ट जरी आढळली, तरी वस्तू बाजूला ठेवावी.

चौथी खूण क्रीमच्या डबीची. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना डबीवर असेल, तर सावध व्हावे. पारा सोन्याला धरतो, हे सोनाराच्या घरच्या पोरालाही ठाऊक असते. जे मंगळसूत्राला लागू द्यायचे नाही, ते गालाला कसे चालेल? डबीतील क्रीम उजेडात राखाडी वा काळपट पडत असेल, किंवा घटकांत कॅलोमेल, मर्क्युरी असे शब्द असतील, तर ती डबी घरात वापरूच नये. आईच्या हाताला आणि टॉवेलला लागलेला पारा तान्ह्या मुलापर्यंतही पोहोचू शकतो. आपल्या २०२० च्या नियमांनी प्रसाधनांत पाऱ्याची संयुगे घालण्यास मनाई केली आहे. नकळत येणाऱ्या अंशाची मर्यादा दशलक्ष भागांत एक भाग, आणि डोळ्यांभोवती लावण्याच्या वस्तूंपुरती पाऱ्याची मर्यादा सत्तर भाग, इतकी त्या नियमांत ठेवली होती. मिनामाता कराराच्या सभासद राष्ट्रांनीही २०२३ साली जिनिव्हात ठरविले की, पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करावीत. पण करार कागदावर होतो. डबी घरातल्या फळीवर असते. तेथे पहारा घरच्यांनीच द्यायचा.

आणि पाचवी खूण म्हणजे आत्याचा प्रश्न, पाठवलं कुणी? २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि वस्तू कोणत्या देशातील आहे, ही माहिती खरेदीपूर्वीच संकेतस्थळावर दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर खरेदी तेथेच थांबवावी. शक्य तेथे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा तिने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच माल घ्यावा.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. खोके, बिल, पुडके उघडतानाचे छायाचित्र आणि उरलेली वस्तू जपून ठेवावी. तोच पुरावा असतो. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असा नियम आहे. बनावट वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे. औषध निरीक्षकाकडे अर्ज देता येतो. शिवाय ठरलेले शुल्क भरून सामान्य ग्राहकालाही शासकीय विश्लेषकाकडून वस्तूची तपासणी करवून घेण्याचा हक्क १९४० च्या कायद्याने दिला आहे. आणखी एक सवय अंगी बाणवावी. अस्सल वस्तूंची रिकामी खोकी आणि बाटल्या भंगारात देताना त्यांवरील लेबल फाडून टाकावे. नाही तर त्याच बाटलीत नकली माल भरून ती पुन्हा कोणाच्या तरी घरी जाईल.

शेवटी एक गोष्ट बाजाराची नव्हे, घराची आहे. ‘मुलगी चांगली आहे, जरा उजळ असती तर’, हे वाक्य आपल्या घरांतून अजून हद्दपार झालेले नाही. पाऱ्याच्या डबीला गिऱ्हाईक मिळते, ते या वाक्यामुळे. मोठ्या नावाची लिपस्टिक हाती नसेल, तर मैत्रिणींत कमीपणा येईल, ही भीतीही तशीच. साध्या कंपनीची स्वस्त पण अस्सल वस्तू ही मोठ्या नावाच्या नकलेपेक्षा शतपटीने बरी, हे घरातील वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविले, तर मुलीचे धैर्य वाढेल.

लोधीपुऱ्यातील त्या मुलीने आत्याचे ऐकले, असे समजू या. तिने खोके पुन्हा उचलले, बॅच क्रमांक ताडून पाहिला, तो जुळला नाही. आणि लग्नाच्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानातली दीडशे रुपयांची लिपस्टिक लावून मांडवात वावरली. फोटोत त्याने काही उणे आले नाही. नावाची सोनूबाई हाती कथलाचा वाळा घालून आली, तर लोक हसतात आणि गोष्ट तेथेच मिटते. पण तो वाळा विषाचा असेल, तर हसून भागत नाही. तो दारातूनच परत पाठवावा लागतो.